मालकाचा विश्वास आणि टाकीतला साका

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा विश्वासाच्या नीतीवरचा निबंध 1877 साली छापून आला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. पण आजवर इतक्या सफरी निभावल्या, हीही निभावेल, अशी स्वतःची समजूत घालून तो परदेशी वसायला निघालेली कुटुंबं त्यावर चढवतो. जहाज बुडतं आणि हा विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचा कडक निवाडा असा, की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी मालकाचा दोष तसूभरही कमी झाला नसता. हातात होता तेवढ्या पुराव्यावर असा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. क्लिफर्ड स्वतः 1870 मध्ये सूर्यग्रहणाच्या मोहिमेवर असताना सिसिलीजवळ जहाजफुटीतून वाचला होता.

आजच्या मोटरयॉटवर विश्वासाच्या अधिकाराचा हा प्रश्न डिझेलच्या टाकीत मुक्काम करून असतो.

डिझेलहून पाणी जड, म्हणून ते तळ गाठतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं. डेकवरच्या झाकणाची रबरी रिंग झिजली की पावसाचंही झिरपतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू-बुरशी पोसतात आणि काळपट, बुळबुळीत साका धरतो. मुंबई बंदरातली जी बोट पावसाळाभर जागची हलत नाही, तिच्यात तर याला रानच मोकळं. शांत पाण्यात इंजिन कुरकुरतही नाही. नारळी पौर्णिमेनंतर बोट बाहेर निघते, उधाणात हेलकावते, साका ढवळून फिल्टर चोंदतो आणि इंजिन नको त्या जागी बंद पडतं.

हे आधी कळू शकतं, हीच मालकाची पंचाईत. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर असतो, त्याखाली पारदर्शक वाटी. वाटीचा तळचा नळ सैल करून थोडं डिझेल बरणीत घ्यायचं आणि थांबायचं. पाणी असेल तर तळाशी मण्यासारखे थेंब लोळतात. फिल्टरवर निर्वात-मापक असेल आणि इंजिनाचा वेग तोच असून काटा दर फेरीला थोडा वर चढत असेल, तर फिल्टर चोंदू लागला आहे.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने 1896 मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं: पुराव्याची वाट पाहणं कधीकधी परवडत नाही, विश्वास टाकावाच लागतो. मात्र ही सवलत त्याने बुद्धीने सुटू न शकणाऱ्या प्रश्नांपुरतीच दिली होती. बरणीने सुटणारा प्रश्न त्यात बसवणं ही चलाखी झाली.

तरी क्लिफर्डही पूर्ण सुटत नाही. कित्येक टाक्यांना आत डोकावायला झडपच नसते. फिल्टरच्या वाटीत आलेलं दिसतं, कोपऱ्यात चिकटलेलं दिसत नाही. शिवाय बहुतेक मालक बरणीला हात लावत नाहीत. तांडेल सांगतो, “शेठ, फिल्टर बदललाय,” आणि शेठ पाहुण्यांना घेऊन मांडव्याला निघतात. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्याबद्दलही क्लिफर्डने लिहिलं आहे: सांगणारा प्रामाणिक आहे का, हे विचारून भागत नाही, त्याला ते कळायला वाव होता का, हेही विचारावं लागतं. तांडेल प्रामाणिक असेलही. पण जुना फिल्टर कापून पाहिला का, त्यात काय निघालं, त्या दिवशी इंजिनाचे तास किती होते, हे नोंदवहीत नसेल तर शेठच्या हाती फक्त तांडेलाचा शब्द उरतो, आणि पाहुण्यांच्या हाती तोही नाही.