देशकालाचा उच्चार

मुंबईहून फ्रँकफुर्टला निघालेलं आमचं विमान पहाटे बाकूला उतरलं. बाकू म्हणजे कॅस्पियन समुद्राकाठची अझरबैजानची राजधानी. तीन रांगा पुढे बसलेल्या एका आजोबांच्या छातीत कळ आली, डॉक्टर कोणी आहे का म्हणून पुकारा झाला आणि वैमानिकाने जवळचा विमानतळ गाठला. आजोबांना स्ट्रेचरवरून नेलं, मागोमाग त्यांची बायको. तिची एक चप्पल सीटखालीच राहिली होती. ती हातात धरून हवाईसुंदरी दारापर्यंत धावली. मग कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीचे तास संपले, आणि आम्ही दुपारपर्यंत ट्रान्झिटमध्ये.

मी रोज सकाळी संध्या करतो. प्रवासात पळी-पंचपात्रीऐवजी बिसलेरीवर भागवतो. उजाडायला लागलं तसं पाणी हातावर घेतलं आणि संकल्पाशीच अडलो. तिथे देशकालाचा उच्चार करावा लागतो: द्वीप कोणतं, नदी कोणती, तिचं तीर कोणतं, मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. आम्ही नाशिकचे, त्यामुळे गोदावरीचं दक्षिण तीर तोंडात बसलेलं. (बोरिवलीचे माझे साडूही तेच म्हणतात. घराजवळून वाहते दहिसर नदी. पण गोदावरी त्यांच्या उत्तरेलाच आहे, तेव्हा खोटं काही नाही.) तिथीचंही तसंच. चंद्र-सूर्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी तिथी पालटते, पण दिवसाची तिथी धरायची ती आपण उभे असू तिथल्या सूर्योदयाची. म्हणजे देव सगळीकडे असला तरी भक्ताने आपला पत्ता नेमका सांगायचा. अमेरिकेतले गुरुजी क्रौंचद्वीप म्हणतात. बाकूत काय म्हणायचं?

एवढ्यात फरशी पुसणाऱ्या बाईने ‘इंडिया?’ असं विचारून आपला मोबाइल आमच्यापुढे धरला. फोटोत दारावर बसवलेला दगड, त्यावर चक्क देवनागरी. पहिलीच ओळ गणेशवंदनाची. हे सुराखानीचं आतेशगाह, विमानतळापासून फार लांब नाही. जमिनीतून आपोआप निघणाऱ्या वायूच्या ज्वाळांभोवती हिंदुस्थानातून आलेल्या व्यापाऱ्यांनी आणि संन्याशांनी अठराव्या शतकात पाचकोनी आवार बांधलं. एका लेखात ज्वालाजीचं नाव आहे आणि काळ घातला आहे संवत १८०२, म्हणजे इसवी सन १७४५च्या सुमाराचा. परक्या मुलखात त्या मंडळींनी संवत आपलाच ठेवला आणि बेधडक दगडावर कोरला.

माझ्या बायकोचे डोळे भरून आले. तिने फोटोलाच नमस्कार केला आणि म्हणाली, “बघा, देवानेच आणलं आपल्याला इथे.”

हे वाक्य मला घशाखाली उतरेना. आपल्याला ज्वालाजीचं दर्शन घडावं, तेही मोबाइलवर, म्हणून देवाने एका म्हाताऱ्याच्या छातीत कळ आणली? कर्मसिद्धान्त मानणारे सांगतील की त्यांचं प्रारब्ध वेगळं, आपलं वेगळं, एकाच घटनेत दोघांचीही खाती मिटली. जन्मभर बँकेत लेजर पाहिल्यामुळे असेल, पण जे खातं कोणालाच तपासता येत नाही, त्यातली आपल्या सोयीची जमा तेवढी वाचून दाखवणाऱ्याचा मला संशय येतो. शंकराचार्यांनी प्रारब्धाला सुटलेल्या बाणाची उपमा दिली, ती ज्ञान झाल्यावरही शरीर का टिकतं एवढं समजावण्यासाठी. विमान कुठे उतरलं याचा उलगडा तीतून काढायचा नसतो.

संकल्पाकडे पाहा. मी कुठे आहे, आज काय आहे, काय करणार आणि कशासाठी, एवढंच त्यात येतं. इथे का आणलं गेलो, हा रकानाच त्यात नाही.

मुंबईचे पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी १९२५ साली ते आतेशगाह पाहायला गेले होते. अग्नीची जागा, इराण शेजारी. आपलं म्हणायचा मोह कोणालाही झाला असता. त्यांनी शिलालेख आणि बांधणी पाहून हे आपलं नव्हे, हिंदूंचं आहे, असा निर्वाळा दिला. मला हा माणूस फार आवडतो. नंतर आसपासचा वायू उपसला गेला आणि १९६९मध्ये ती ज्वाळा विझली; आता शहरातून नळाने आणलेल्या गॅसवर ती जळते. बायकोला हे मी घरी परतेपर्यंत सांगितलं नाही.

संकल्पात मी ‘समुद्राच्या पश्चिम तीरी’ म्हटलं आणि अर्घ्य दिलं, शेजारच्या कुंडीत.

पुढच्या विमानात बसल्यावर बायको म्हणाली, “त्या आजींनी देवाचा धावा केला असेल आणि विमान वेळेवर उतरलं. तेही देवाने केलं नाही म्हणाल?”

मी म्हटलं, ते त्या आजींनी म्हणावं. त्या म्हणाल्या तर मी चकार शब्द काढणार नाही. आपल्या रांगेतून मात्र ते म्हणता येणार नाही.

तिने पांघरूण ओढून घेतलं. तिला पटलेलं नाही.