तेलाचा विटाळ

गाडीखालून पाठीवर सरकत बाहेर आलो, तर समोर शेजारचे निवृत्त प्राध्यापक. हातात दुधाची पिशवी. माझे हात कोपरापर्यंत काळे होते आणि कपाळावरही एक पट्टा ओढला गेला असावा, कारण ते तिथंच बघत होते.

"काय ओ, मेस्त्री मिळाला नाही का?"

"मिळतो की, सर. पण म्हटलं, ऑइल यावेळी आपणच बदलून बघू."

"अहो, पण तुम्ही शिकलीसवरली माणसं..."

वाक्य तिथंच सोडून ते गेले. माणूस भला आहे. आयुष्यभर वर्गात समता शिकवली, दर 26 जूनला दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी न चुकता हजर असतात. त्यांच्या मनात खोट नाही, म्हणूनच ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपण सगळेच ते मनात पूर्ण करतो. शिकलेल्या माणसानं सही करावी, सल्ला द्यावा, फार तर पैसे मोजावेत. पाना धरणारे हात वेगळे असतात.

आता ही गोष्ट कोल्हापुरात घडते, तेही बघा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्रीत रोज लोखंड वितळतं आणि देशातल्या गाड्यांना लागणारे भाग ओतले जातात. उद्यमनगरच्या बोळांतून लेथचा आवाज आणि कटिंग ऑइलचा वास आल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शेतावरच्या ऑइल इंजिनांनी या गावाचं नाव केलं, तेही कॉलेजची पायरी न चढलेल्या मेस्त्र्यांच्या जिवावर. अशा गावात स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडणं कमीपणाचं वाटतं. हा कामाचा विटाळ आहे, आणि त्याची किंमत आपण कशी मोजतो हे मला एका मूठभर डब्यानं शिकवलं. तो डबा म्हणजे ऑइल फिल्टर.

फिल्टर आणायला गेलो, तेव्हा दुकानदारानं गाडीचं मॉडेल विचारलं आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, "ओरिजनल देऊ का चालू?" दोघांत शंभराच्या आतबाहेर फरक. 'चालू'चा खोका ओरिजनलचा सख्खा भाऊ शोभावा असा, रंग तोच, नावातलं एखादं अक्षर तेवढं इकडचं तिकडं. फरक काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काय न्हाई ओ, आटे तेच, फिटिंग तेच. चालतंय की!" हे आमच्या गावाचं लाडकं वाक्य. मी चालू घेतला. बिलही मागितलं नाही. इंजिनात चार लिटरच्या डब्यातलं महाग ऑइल ओतायची तयारी करून आलेला मी, ते ऑइल गाळणाऱ्या वस्तूत शंभर रुपये वाचवत होतो.

बसवण्याआधी धीर म्हणून तो उद्यमनगरातल्या माझ्या नेहमीच्या मेस्त्रीला दाखवायला नेला. त्यानं फिल्टर हातात घेतला, बाजूच्या बारक्या भोकांतून आतलं रबर दाबून बघितलं आणि हसला. म्हणाला, "दोन मिनिटं थांबा." कोपऱ्यातल्या ढिगातून त्याच मापाचा एक जुना, वापरून काढलेला कंपनीचा फिल्टर उचलला, दोन्ही एकामागून एक व्हाइसमध्ये धरले आणि हॅक्सॉनं कापले.

जुना फिल्टर काळाकुट्ट झाला होता, पण आतला कागद बघण्यासारखा होता. नऊवारीच्या निऱ्या असाव्यात तशा एकसारख्या, दाट घड्या, आणि दोन्ही टोकांना चकतीला घट्ट चिकटलेल्या. माझ्या कोऱ्या करकरीत 'चालू'मध्ये घड्या निम्म्याच. त्याही एका अंगाला कलंडलेल्या, आणि एका टोकाला कागद चकतीपासून सुटून बोट जाईल एवढी फट. मेस्त्रीनं त्या फटीत स्क्रूड्रायव्हर घातला. "गाळायला जातंय कुठं तेल? ह्यो रस्ता कायमचा उघडा हाय."

मग त्यानं मला तो डबा समजावून सांगितला. माझ्या कुठल्याही सरांनी एवढं नीट काही समजावलं नसेल. पंप तेल ढकलतो, ते बाहेरच्या बारक्या भोकांतून डब्यात शिरतं, कागदातून गाळून मधल्या आट्याच्या भोकातून इंजिनात जातं. आपल्या केसाच्या निम्म्याहून बारीक कण त्या कागदात अडकले पाहिजेत, कारण बेअरिंग खरवडणारे कण तेच. आत एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. कागद तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट असलं, की तो उघडतो आणि न गाळलेलं का होईना, तेल पुढं जाऊ देतो. इंजिनाला घाण तेल परवडतं, कोरडं राहणं परवडत नाही. पण तो किती दाबाला उघडायचा हे इंजिनागणिक ठरलेलं असतं. दुसरी वस्तू म्हणजे रबराची पातळ झडप. गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधलं तेल खाली ओघळू नये म्हणून ती असते. ती कडक झाली किंवा नसलीच, तर सकाळी गाडी सुरू करताना पहिले काही क्षण इंजिन कोरडं फिरतं. ऑइलचा लाल दिवा नेहमीपेक्षा उशिरा विझतो, वरून टिकटिक ऐकू येते, आणि आपण म्हणतो, थंडीमुळं असेल. 'चालू'मधली झडप नखानं वाकवली तर वाकत नव्हती. मेस्त्री म्हणाला, "आटे जुळले म्हंजे सोयरीक जुळली, असं नसतंय साहेब."

तेव्हापासून माझा शिरस्ता असा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला भाग-क्रमांक कागदावर लिहून न्यायचा, मॉडेलचं नाव सांगून जे मिळेल ते घ्यायचं नाही. गाडीच्या कंपनीचा किंवा नावाजलेल्या फिल्टरवाल्यांचा घ्यायचा, दोन्ही चालतात, पण सीलबंद, छापील किंमत आणि तारीख असलेला, आणि बिलासकट. दुकानातच खोका उघडून रबर दाबून बघायचं. जुन्या फिल्टरशेजारी धरून रबरी रिंगचा घेर जुळतो का ते बघायचं. काही गाड्यांत पत्र्याचा डबा नसतो, प्लॅस्टिकच्या घरात नुसता कागदाचा गाळा बसतो. तिथं सोबत आलेली ओ-रिंग बदललीच पाहिजे. एवढंच. यात शिक्षणाच्या आड येईल असं काहीच नाही.

मग 'चालू' खपतो कसा? घेणारा कधी बघत नाही म्हणून. बसवणाऱ्याला सगळं कळतं, पण त्याला कुणी विचारत नाही, आणि ज्याच्या हातात पैसे असतात त्याला कळून घ्यायचं नसतं. कळून घ्यायचं तर हात घालावा लागेल. ही फाळणी मोटारीपेक्षा फार जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचं व्यवहारी ज्ञान असावं ही मागणी होती. आपण शाळा काढल्या, कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात घातला आणि त्या तासाला गणित उरकलं. जोतीरावांना उत्तर मिळालं ते असं.

शाहू महाराजांचं उदाहरण आपण हारांखाली झाकलंय. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं तेव्हा महाराज तिथं थांबून स्वतः चहा घेत, सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावत. विटाळ भाषणानं जात नाही, तोंडाला कप लावावा लागतो, हे त्या राजाला नेमकं कळलं होतं. 1902 साली 50 टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम काढणारा माणूस हुकमावर थांबला नाही. आणि शिकलेल्यानं हात काळे करण्याची परंपराच आपल्याकडं नाही असं कुणी म्हणू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावच्या सायकलींच्या दुकानात रमले, आणि 1910 साली आपल्या शेजारच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आता खंडेनवमी घ्या. त्या दिवशी पाना-पक्कड पाटावर मांडतो, हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. दुसऱ्या दिवशी गाडीला हार, चाकाखाली लिंबू. वर्षभर बंपरला लिंबू-मिरची लोंबत असते ती वेगळीच, आणि ती मात्र आठवड्याला ताजी बांधली जाते. त्याच बंपरमागं फिल्टर किती हजार किलोमीटर चालला याचा पत्ता नसतो. हत्याराची पूजा करणाऱ्या आपल्याला हत्यार धरणाऱ्याचं नाव माहीत असतं का? गॅरेजमधल्या 'बारक्या'चं तरी? चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं कायद्यानं बंद आहे, 2016 च्या दुरुस्तीनं तर जवळपास सगळ्याच धंद्यांत. तरी "बारक्या, चौदाचा पाना आण" ही हाक ऐकू येते, आणि आपण काचेआडून मोबाइल बघत बसतो. स्वतःचे हात काळे व्हायची लाज वाटणाऱ्याला त्याचे काळे हात दिसत नाहीत. लाज असलीच तर ती इथं वाटायला हवी.

मी असं म्हणत नाही की सगळ्यांनी मेस्त्र्यांच्या पोटावर पाय द्यावा. माझी बाकीची सगळी कामं त्याच्याकडंच जातात, आणि हल्ली मी त्याच्या मजुरीत घासाघीस करत नाही, कारण ते काम किती वेळ खातं हे मला पाठीनं कळलंय. वर्षातून एकदा, एका रविवारी, घरच्या पोरांना शेजारी बसवून हे करावं, एवढंच म्हणतो. पोरींना तर आधी. आपण त्यांना ड्रायव्हिंग क्लास लावतो आणि स्टेपनी बदलायची वेळ आली की रस्त्यावर भाऊ शोधायला लावतो.

चुका होतात. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली कधी जाऊ नका, लोखंडी घोड्या लावा. पहिल्या खेपेला जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली, मी न बघता त्यावर नवा चढवला, आणि गाडी सुरू करताच फरशीवर काळी रांगोळी. नवीन रिंगला बोटानं ऑइल लावायचं, ती टेकली की हातानंच पाऊण फेरा आवळायचं, पाना लावायचा नाही, चेंबरच्या नटाचा वायसर नवा घालायचा, हे त्यानंतर डोक्यात बसलं.

पण खरी परीक्षा घमेल्यात उरते. तीन-साडेतीन लिटर जळकं ऑइल. सरळ मार्ग समोरच असतो, गटार. तिथून जयंती नाला, तिथून पंचगंगा, आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. कार्तिकी पौर्णिमेला घाटावर दिवे लावणारे आपणच. एका गाडीच्या एका बदलीतलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. कुणी ते दारांना वाळवीसाठी लावतं, कुणी सेंट्रिंगच्या प्लेटांना फासतं, आणि त्याला काटकसर म्हणतं. आपल्या कायद्यात जळकं ऑइल हा घातक कचरा आहे. तो नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडंच जायला हवा, आणि एप्रिल 2024 पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही त्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे विकणाऱ्याला आता हात झटकता येणार नाहीत, पण तसं त्याला कुणी तरी विचारायला हवं.

तेव्हा एवढं करा. जुना फिल्टर फेकू नका, भोक खाली करून रात्रभर घमेल्यावर निथळत ठेवा. सकाळी सगळं जळकं ऑइल नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरा, झाकण घट्ट लावा, आणि जिथून नवं ऑइल विकत घेतलं त्या दुकानात घेऊन जा. घेत नाही म्हणाला तर का घेत नाही ते चारचौघांसमोर विचारा, आणि तो डबा तुमच्या काळ्या हातांनीच काउंटरवर ठेवा.