वेल उपटल्यावर

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मी कुणी प्रवचनकार नव्हे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. पण जयंती अंकासाठी चार शब्द लिहा असा आग्रह झाला, आणि एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळत होती, ती आपल्यापुढे ठेवतो.

गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली घेवड्याची कथा आपल्या घरांतल्या पोरांनाही पाठ असते. अमरापुरातला गरीब ब्राह्मण, कोरान्न मागून गुजराण करणारा. भिक्षा मिळाली नाही तर दारातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगा शिजवून दिवस काढायचा. श्रीनृसिंहसरस्वती त्याच्याकडे भिक्षेला आले, घेवड्याची भाजी प्रेमानं जेवले, आणि निघताना तो वेलच उपटून टाकला. बाई रडू लागली. नवऱ्यानं तिची समजूत घातली आणि उरलेलं मूळ काढायला खणू लागला, तर द्रव्यानं भरलेला घडा लागला. दारिद्र्य गेलं. म्हणून आपण जयंतीच्या नैवेद्यात घेवड्याची भाजी करतो.

ही कथा मी इतक्या वेळा वाचली, पण दर वेळी माझं मन वेलावरून थेट घड्यावर उडी मारायचं. मधलं काही दिसायचंच नाही.

आमचं घर सांगलीचं, नदीच्या अंगाला. सप्ताह आमच्याकडे आजोबांपासून. मार्गशीर्ष शुद्ध नवमीच्या सुमाराला पोथी चौरंगावर यायची आणि पौर्णिमेला समाप्ती. अण्णांचं म्हणजे माझ्या वडिलांचं सोवळं कडक होतं. सात दिवस एकभुक्त, झोपायला घोंगडं, वाचताना मधे बोलणं नाही, पाणी हवं असलं तरी खूण. त्यांच्यानंतर मी बसू लागलो. शेजारी महाराजांसाठी रिकामं आसन मांडायची पद्धत आहे, ती तुम्हाला ठाऊक आहे. मी मात्र मनातल्या मनात त्याच्या शेजारी आणखी एक आसन मांडून ठेवलं होतं. मुलाचं. त्याच्या मुंजीपासून मांडलेलं.

2018 च्या जयंतीला तो पुण्याहून आला होता. प्रसाद झाला, पानं उचलली, आणि तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमच्यानंतर हे माझ्याच्यानं होणार नाही. खोटं कशाला सांगू? नमस्कार करीन, येईन. पण सात दिवस बसणं नाही."

मी काही बोललो नाही. न बोलणं हा आमच्या घरातला राग. पुढचे सात-आठ महिने मी त्याच्याशी फोनवर कामापुरतं बोलत होतो. ही एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही पोथी महाराजांसाठी वाचता की त्याला दाखवायला?" तेव्हा मला ते फार लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं असणार.

मग 2019 चा ऑगस्ट आला. सांगली-कोल्हापूरकरांना त्या महापुराबद्दल वेगळं सांगायला नको. वाडीला पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दारानं बाहेर पडतं, तेव्हा आपण त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि आंघोळीला धावतो. तीच कृष्णा आपल्या स्वयंपाकघरात आली की मात्र सोहळा आठवत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. कमरेइतकं पाणी. भांडी, धान्य, गाद्या, सगळ्यात चिखल. परसातल्या मांडवावर आषाढात चढवलेला घेवडा कुजून काळा पडला. जयंतीच्या भाजीचा वेल तो. पोथी तेवढी माळ्यावर ठेवली होती म्हणून राहिली, पण दमट झाली होती.

मुलगा रजा टाकून आला. आठ दिवस घमेल्यानं चिखल काढला. एका उन्हाच्या दुपारी त्यानंच पोथीची पानं सुटी करून गच्चीवर जुन्या धोतरावर पसरली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर वाट्या ठेवल्या. मी पानं क्रमानं लावायला बसलो आणि शेवटच्या कोऱ्या पानाची मागची बाजू पहिल्यांदा नीट पाहिली.

आजोबांनी शिसपेन्सिलीनं एकाखाली एक शक लिहिले होते, ज्या ज्या वर्षी पारायण झालं ते. शेवटचा त्यांच्या हातचा शक 1876. त्याखाली अण्णांचं अक्षर सुरू होतं, ते शके 1887 पासून.

गणिताचा मास्तर, वजाबाकी करायला कितीसा वेळ? मधली दहा वर्षं रिकामी. आजोबा गेल्यावर दहा वर्षं अण्णांनी पोथी उघडली नव्हती. ज्या अण्णांच्या कडक सोवळ्याचा दाखला देऊन मी मनातून मुलाला बोल लावत होतो, त्या अण्णांनी! का नाही वाचलं, काय मनात होतं, कुणास ठाऊक. घरात त्याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही. आजी तेव्हा होती. तिनं काय म्हटलं असेल? बहुतेक काहीच नसेल म्हटलं. रोज देवासमोर दिवा लावला असेल आणि अण्णांना जेवायला वाढलं असेल.

आता माझी लबाडी ऐका. ते पान हातात असतानाच मनात आलं, म्हणजे हाही पुढेमागे वाचील की! झालं. एक आशा सुटते न सुटते तोवर दुसरी धरली. अवधूतांनी यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यात पिंगला उगीच नाही घेतली. ती रात्रभर दाराशी आत-बाहेर करत होती. हा गेला तर दुसरा येईल, तो जास्त देईल. शेवटी कंटाळून आशाच सोडली, तेव्हा तिला झोप लागली. हवं ते मिळालं म्हणून नव्हे. कुणीही आलेलं नव्हतं. आम्ही साठी ओलांडलेले आईबाप हा धडा दरसाल ऐकतो आणि उठून पुन्हा दाराशी जाऊन उभे राहतो.

त्या वर्षी सप्ताहाला बसलो. आमच्या क्रमाप्रमाणे अठरावा अध्याय दुसऱ्या दिवशी येतो. तो वाचताना मी मधेच थांबलो. ब्राह्मणानं बायकोची समजूत घातली ती केव्हा? घडा सापडल्यावर नव्हे. वेल गेला होता, उद्या काय खायचं ठाऊक नव्हतं, आणि तरी तो म्हणतो की यतीला बोल लावू नकोस, मुंगीपासून हत्तीपर्यंत सर्वांना पोसणारा आपल्यालाही पोशील. आणि मग दाराची जागा साफ करायला लागतो. मूळ खणतो ते द्रव्यासाठी नव्हे, साधं घरचं काम म्हणून. त्याला घडा माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. म्हणून आपल्याला ती कथा सोपी जाते. पुढे तो गुरूंना सांगायला धावत गेला, तर त्यांनीही ही गोष्ट कुठे बोलू नकोस असंच बजावलं.

मला घडाबिडा काही मिळाला नाही. मुलगा आजही पारायणाला बसत नाही. दुसरं आसन मी उचललं आहे म्हणतो, पण अधूनमधून मांडलेलं सापडतं. मग पुन्हा उचलायचं.

यंदा गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून वाचलं. अण्णांना चाललं नसतं. पहिल्या दिवशी मुलाचा फोन आला, "बाबा, झालं का वाचन?"

"झालं. खुर्चीवर बसून."

तो हसला. पुढचं एक वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, ते गिळलं. "जेवलास का?" एवढंच विचारलं.

पौर्णिमेला घेवडा मंडईतून आणला. समाप्ती झाल्यावर शेवटच्या पानावर यंदाचा शक लिहिला. त्याखाली पान कोरं आहे. ते तसंच ठेवून पोथी बांधली.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥