पुलावरून जाणारं प्रगतिपत्रक

दसरा सरला की शहागडला गोदावरीच्या पुलावरून भल्या सकाळी ट्रॅक्टर जाताना दिसतात. ट्रॉलीत पत्रे, भांडी, बाजरीची पोती, एखादी शेळी. आणि त्या पसाऱ्यावर शाली गुंडाळून बसलेली पोरं. अंबड, घनसावंगी, गेवराईकडची ही माणसं ऊसतोडीला निघालेली असतात. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की गुढीपाडव्याच्या आगेमागे घरी येतात.

शाळेची संकलित चाचणी वर्षातून दोनदा होते. पहिली दिवाळीआधी, दुसरी एप्रिलात. म्हणजे मूल गाव सोडतं तेव्हा एक आणि परततं तेव्हा दुसरी. मधल्या महिन्यांसाठी हजेरीपटावर एकच शब्द असतो : गैरहजर.

गैरहजर मूल तिकडे काय करत असतं? फडाजवळच्या झोपडीत, कोपीत, धाकट्याला सांभाळतं, उसाचे वाढे गोळा करतं, मोळ्या मोजतं. आज किती टन भरले, आगाऊ घेतलेल्या उचलीतले किती फिटले, हा हिशेब रोज त्याच्या कानावर पडतो. त्या कष्टांचा गौरव मला करायचा नाही. मुलानं शाळेतच असायला हवं. गावात हंगामी वसतिगृहं निघाली ती त्यासाठीच. पण जे गेलंच, त्याचं शिकणं कोऱ्या रकान्यात का बुडावं?

2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, वर्णनात्मक नोंदी आहेत. पण 'प्रगती समाधानकारक' एवढ्यावरून कुठल्या मुलाला ओळखावं? स्थलांतरित मुलांना जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डही निघालं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं समग्र प्रगतिपत्रक सुचवलं, त्यात मूल स्वतःविषयीही सांगेल अशी सोय ठेवली. या दोन कागदांचा एकच कागद व्हावा, असं मला फार वाटतं.

त्यावर गुण नसले तरी चालेल. शहागडच्या बाईंच्या अक्षरात तीन ओळी हव्यात : 'जोडाक्षरं वाचते. हातच्याची वजाबाकी अडते. गोष्ट रंगवून सांगते.' खाली पोरीच्या हातची चौथी : 'मला नदीचं चित्र काढता येतं.'

ट्रॉली उसाच्या फडाजवळ थांबेल. दोन दिवसांनी तिथल्या शाळेतले गुरुजी तो कागद वाचतील, पोरीला पुढच्या रांगेत बसवतील आणि पाटीवर मांडतील : बावन्न वजा सतरा.