पाहुण्याच्या खोलीतला देव

आमच्याकडं पूर्वी घरात परकं माणूस झोपलं तर ते पाहुणा असायचं, नाहीतर वाट चुकलेलं. चैत्री पुनवेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा लागली की पंधरा दिवस ओटीवर पाय ठेवायला जागा नसे. सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, त्यांची पोरं. त्यांच्याकडून पैसा घ्यायचा नाही, आणि भिंतीवर कुठला देव टांगलाय हे त्यांनी विचारायचं नाही. आता तिसरीच तऱ्हा निघाली आहे. माणूस पैसे देतो आणि तरी त्याला पाहुणाच म्हणायचं. बोर्डी, घोलवड, नरपड, चिखले, सगळीकडं चिकूच्या वाड्यांतून अशा खोल्या झाल्या. 2020 साली सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण काढलं, तेव्हापासून तर आमच्यासारखे लहान वाडीवालेही दोन खोल्या बांधून फळी लावायला लागले.

आमच्याही वाडीत मुलानं दोन खोल्या काढल्या. चुना लागला, खाटा आल्या, पंखे आले. मग आमच्या घरच्या मंडळींनी तिथं महालक्ष्मीची तसबीर नेऊन टांगली. मुलगा म्हणाला, "आई, पाहुण्यांच्या खोलीत देव नको. कोण कुठल्या धर्माचं येईल, कुणाला आवडेल, कुणाला नाय." ती म्हणाली, "मग काय उघडी भिंत ठेवू? देव नसलेल्या घरात माणूस झोपतंय होय?"

मला दोघांचंही पटलं. पटलं म्हणूनच प्रश्न सुटेना. ज्याचं घर त्याचा देव, हे खरं. पण ज्यानं रात्रीचे पैसे मोजले, त्याची ती रात्र त्याची, हेही खरंच. मग भिंत कुणाची?

मी चार घरं बघितली आहेत, त्यांवरून सांगतो.

घोलवड-बोर्डीकडं इराण्यांच्या वाड्या जुन्या. त्यांचे वाडवडील इराणातून आले आणि चिकू लावून इथलेच झाले. आज ज्याला डहाणू-घोलवडचा चिकू म्हणून 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात त्यांचा घाम मोठा. त्यांच्यातही काही जण खोल्या देतात. अशा एका घरी मी कलमांच्या कामानं गेलो होतो. बसायच्या खोलीत जरथुष्ट्राची मोठी तसबीर, खाली दिवा. मुंबईचे पाहुणे तिथंच बसून चहा पीत होते. कुणी त्यांना हात जोडा म्हणालं नाही, की तसबिरीची गोष्ट सांगून कान खाल्ले नाहीत. तसबीर होती, कारण ती नेहमीच तिथं असते. आणि हीच माणसं आपली अग्यारी मात्र परधर्मीयाला दाखवत नाहीत. इथून जवळ, गुजरातच्या हद्दीत, उदवाड्याला त्यांचा इराणशहा अग्नी 1742 पासून आहे. दुरून दुरून पारशी येतात, पण आपण आत जाऊ शकत नाही. मला यात काही वावगं वाटलं नाही. काय चारचौघांत ठेवायचं आणि काय आत जपायचं, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलंय. पाहुणा आला म्हणून आतलं बाहेर आणलं नाही, बाहेरचं आत लपवलं नाही.

दुसरं घर तलासरीकडचं, माझ्या एका जुन्या दोस्ताचं. त्याच्या सुनेनं हायवेच्या बाजूला दोन खोल्या काढल्यात. घरात शिरताना भिंतीवर गोदूताई परुळेकरांचा फोटो आणि शेजारी लाल बावटा. 1945 साली झरीला वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगार, लग्नगडी या गोष्टी मोडायला सुरुवात झाली, तेव्हा याचा बाप पोरसवदा होता. मुलगा म्हणाला, "बाबा, गिऱ्हाईक राजकारण बघून बिचकतं. फोटो आतल्या खोलीत लावू." दोस्त एवढंच म्हणाला, "ह्या बाईमुळं माझा बाप सावकाराच्या बांधावरून सुटला. तिला खाली उतरवून मी कुणाला खाट देऊ?" फोटो तिथंच आहे. आता हा काही देव नव्हे, धर्म नव्हे. पण माणूस कशावर उभा आहे ते दाखवणारी गोष्ट धर्माचीच असते असं थोडंच आहे?

तिसरं घर म्हणजे घर नव्हेच, मोठी राहायची जागा. मालक बाहेरचा. नाव सांगत नाही, कारण अशा जागा आता एक नाहीत. तिथं प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी वारली चित्र काढून घेत होते. तारप्याचा नाच, भातलावणी, बैलगाडी, हे सगळं एका वारली पोरानं हौसेनं काढलं. मग मालकाला चौक हवा झाला, मधे देवी असलेला. पोरानं ब्रश खाली ठेवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वारल्यांच्या लग्नात घरातल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते. तो चौक नसेल तर लग्न लागत नाही. म्हणजे ते भिंत सजवायचं चित्र नव्हे, ते देवीला दिलेलं बोलावणं आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कागदावर आज कितीतरी घरांची चूल पेटते. चित्र विकू नये असं मी कसं म्हणेन? मी चिकू विकतो, तो चित्र विकतो. पण त्या पोरानं मला जे सांगितलं ते ध्यानात राहिलं. तो म्हणाला, "काका, नाच काढला तर नाच राहतो. देवी काढली आन् खाली लोक बाटल्या घेऊन बसले, तर मी घरी जाऊन आईला काय सांगू?" दुसऱ्या कुणी तरी तो चौक नंतर काढून दिला म्हणतात. मालकानं तो बघून "छान दिसतो" म्हटलं असेल. पण तिथं केर काढायला येणाऱ्या आमच्या गावच्या बाया त्या पलंगाची चादर बदलताना भिंतीकडं पाठ करत नाहीत. पैसे मालकाला मिळतात, अवघडलेपण बायांच्या वाट्याला.

इथं मला माझं उत्तर थोडं थोडं दिसायला लागलं. पाहुणा आला नसता तरी तो देव त्या भिंतीवर असता का, हे आधी विचारावं. इराण्याची तसबीर असती. दोस्ताच्या घरची गोदूताई असती. पलंगाजवळची पालघट नसती. ती फक्त पाहुण्यासाठी आणली, आणि जिची आहे त्यांना न विचारता आणली. पहिल्या दोन घरांत माणूस आपली श्रद्धा घेऊन राहतो. तिसऱ्या जागी दुसऱ्याची श्रद्धा भाड्यात धरली जाते.

पण एवढ्यानं भागत नाही, कारण चौथं घर राहिलं. त्या घरात भिंती अगदी कोऱ्या आहेत. देव नाही, फोटो नाही, बाहेर झोपाळा, गुलमोहर. मात्र फोनवर खोली मागितली की मालक पूर्ण नाव विचारतो. आडनाव ऐकतो आणि मग खोली रिकामी आहे की नाही ते ठरतं. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांना असं दोनदा "फुल आहे" म्हणून सांगितलं, आणि तिसऱ्यांदा त्यांच्या सहकाऱ्यानं स्वतःचं आडनाव सांगून तीच खोली, त्याच तारखेला घेतली. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात लिहिलंय की दुकान, उपाहारगृह, हॉटेल इथं कुणालाही धर्मावरून, जातीवरून अडवायचं नाही. दहावीला नागरिकशास्त्रात आम्ही ते पाठ केलं होतं. घरगुती खोलीला ते लागतं की नाही याचा कीस वकील काढतील. माझ्यापुरतं बोलायचं तर ज्यानं दारावर भाड्याची फळी लावली, त्यानं दार आडनावावर उघडायचं नाही.

म्हणून कोरी भिंत म्हणजे मोकळं मन, असं शहरातली माणसं धरतात, ते मला तेवढं खरं वाटत नाही. भिंतीवरची तसबीर कुणाला हाकलत नाही. तिच्याखाली बसलेला माणूस हाकलतो.

तरी पाहुण्याची बाजू राहतेच. एकदा आमच्याकडं एक मुसलमान जोडपं राहिलं. बाई फार सभ्य. तिनं आमच्या मंडळींना विचारलं, "काकू, नमाज पढताना समोर तसबीर नको असते. खोलीतली थोडा वेळ काढून ठेवली तर तुम्हाला राग येईल का?" तिनं न सांगता काढून ठेवली असती तरी आम्हाला कळलं नसतं. विचारलं, यातच सगळं आलं. आमची मंडळी उठली, तसबीर काढली, पदरानं पुसली आणि घरातल्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. मग पश्चिम कुठं ते दाखवायला तिला खिडकीशी घेऊन गेली.

ती तसबीर नंतर परत त्या खोलीत गेली नाही. मुलानं सांगितलं म्हणून नव्हे. मंडळींचं म्हणणं असं पडलं, की देवाला रोज दिवा लागतो, आणि पाहुणा झोपलेला असताना पहाटे त्याच्या खोलीत शिरून दिवा लावता येत नाही. बिनदिव्याचा देव तिथं ठेवण्यापेक्षा घरात बरा. तिनं मुलाचं ऐकलं नाही आणि स्वतःचंही सोडलं नाही. घरात, ओटीवर, तुळशीपाशी आमचे देव आहेत तसेच आहेत. पाहुणे जेवायला तिथंच येतात. ज्याला बघायचं तो बघतो, ज्याला नको तो ताटात बघतो.

खोलीत भिंतीवर खिळा तेवढा राहिला आहे. त्याला पाहुणे काय काय अडकवतात. कुणी टोपी, कुणी जपमाळ, कुणी पोराचं ओलं झबलं.