कानबाईचा रोट आणि धाकलं पोट

कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट आमच्यात घरच्यांनीच संपवायचे असतात. यंदा श्रावणात धुळ्याला, देवपुरात, धाकट्या बहिणीकडे गेले. तिच्या ताटात पुरणपोळीचा दोन बोटांएवढा तुकडा आणि वाटीत चार चमचे खीर. तो तुकडा चावून चावून गिळायला तिला दहा मिनिटं लागली. दोन वर्षांपूर्वी तिची वजन घटवण्याची ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया झाली, जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढला. वजन 118 किलो होतं, साखर गोळ्यांना जुमानत नव्हती.

शेजारच्या काकूंनी विचारलंच, “भूकच लागत नाही, मग तुझी एकादशी कसली?”

जळगावला परतताना पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. मी जळगावात तीस वर्षं संस्कृत शिकवलं. योग अति खाणाऱ्याला साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायातलं मुलांना सांगितलं, आणि बहिणीला मात्र “जिभेवर ताबा ठेव” एवढंच ऐकवत आले. ते आता सलतं. जठरातून पाझरणारं घ्रेलिन भूक चेतवतं, हे 1999 साली उजेडात आलं. ते जास्त करून जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होतं, तोच या शस्त्रक्रियेत जातो. ज्याला मुळात भूक कमी त्याचं अर्धपोटी उठणं पुण्य, आणि जिला भुकेनं झोप लागत नाही तिचं खाणं पाप, हा हिशेब मला मान्य नाही.

हा प्रश्न आता घरोघरी येणार. जठराला बसवायचा पट्टा मागे पडला, स्लीव्ह रुळली. 2022 मध्ये शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा बीएमआय 27.5 वर आणली. मार्च 2025 पासून भूक कमी करणारं मौंजारोचं इंजेक्शनही भारतात मिळतं. सुई थांबली की बहुतेकांची भूक परत येते, वजनही.

बहीण म्हणाली, “ताई, पोट धाकलं व्हयनं, पन मन तेच शे.” वांग्याच्या भरताचा वास आला की तिचा हात अजून पुढे जातो. आधी डाळ, मग बाकीचं. जेवताना पाणी नाही. बी-12 आणि लोहाच्या गोळ्या जन्मभर. रोज हे पाळणं मला जैन शेजाऱ्यांच्या ऊनोदरीइतकंच, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाण्याच्या व्रताइतकंच, खरं तप वाटतं. तिची एकादशी एकादशीच आहे.

तुमच्या पंगतीत अशी कुणी बसली, तर आग्रहानं वाढू नका. आणि “सोपा मार्ग धरलास” असं तर तिला कधीच म्हणू नका.