पकडून सोडलेला मासा

कावेरी खोऱ्याबाहेर कुठेही न आढळणारा कुबडा महसीर २०१८पासून अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. तिथल्याच काबिनी नदीत १९४६ साली १२० पौंडांचा महसीर गळाला लागला होता. अशा ताकदीच्या माशाशी झुंजायला हौशी मासेमार कावेरीकाठच्या भीमेश्वरी-गालिबोरेच्या मासेमारी शिबिरांत येत. मासा दमेपर्यंत खेळवायचा, गळ काढायचा, उथळ पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून धरायचा आणि कल्ले नीट चालू लागले की सोडायचा. जीव घेतलाच नाही, मग हिंसा कुठे झाली, असं ते विचारतात. माझ्या मते ती गळ टाकतानाच झाली.

जैन आचार्य उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र हिंसा ठरवताना नुसता प्राण गेला का एवढंच पाहत नाही, त्यामागचा प्रमाद, म्हणजे मनाची बेफिकिरीही पाहतं. इथे तर दुसऱ्या जिवाची धडपड हाच आनंदाचा विषय. पोटासाठी जाळं टाकणारा कोळी मासा मारतो, हे खरं. पण मासा न तडफडता हाती आला तर त्याचं काहीच बिघडत नाही. हौशी मासेमाराचा मात्र खेळच संपतो. माशाला वेदना होत नाहीत, हा आक्षेप जुनाच. लिन स्नेडन यांच्या २००३च्या प्रयोगांत ओठात ॲसिटिक आम्ल टोचलेले ट्राउट मासे ओठ तळाच्या खडीवर घासू लागले. मॉर्फिन दिल्यावर ते घासणं कमी झालं. माशाच्या मेंदूची रचना पाहता ही वेदनेची जाणीव नव्हे, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. वाद मिटलेला नाही, मान्य. पण संशयाचा फायदा ज्याच्या ओठात गळ अडकतो त्याला द्यायचा, की हौसेला?

खरा जड आक्षेप वेगळाच आहे. या शिबिरांमुळे नदीवर राखण राहिली, सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना आळा बसला, चोरून मासे मारणाऱ्यांनाच पगारी काम मिळालं. कुबड्याची घट कळली तीही शिबिरांच्या नोंदवह्यांतून. हे उपकार नाकारता येत नाहीत. मात्र त्याच नोंदी सांगतात, की कुबडा घटत असताना बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढत गेला, आणि त्याचं बीज आपल्या लोणावळ्याचं. खेळाचं भलं तेच नदीचं भलं, असं धरून चालल्याचा हा परिणाम. शिवाय राखणीला गळ लागतोच असं नाही. महाड तालुक्यात वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहातले महसीर वरदायिनी देवीचे म्हणून कुणी धरत नाही. कुरमुरे टाकले की ते वर येतात. श्रद्धा सगळीकडे पेरता येणार नाही, पण राखणीचा पगार देता येतो. वन्यजीव कायद्यामुळे कावेरी अभयारण्यातला खेळ थांबला, त्याबरोबर राखणदारांची रोजी जायला नको होती. ती सरकारने आणि नदी पाहायला येणाऱ्यांनी मिळून द्यावी. गळ मात्र पुन्हा तिथल्या पाण्यात पडू नये.